वीज मंडळाचे विभाजन आणि उरलेला प्रश्न
महाराष्ट्राच्या वीज मंडळाचे विभाजन हे संस्थात्मक बदलाचे यशस्वी उदाहरण आहे, असे एका लेखात मांडले आहे; ते मला अर्धेच पटते. विद्युत अधिनियम २००३ नुसार जून २००५ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या जागी निर्मिती, पारेषण (उच्च दाबाने वीज वाहून नेणे), वितरण आणि या तिन्हींची मालकी धारण करणारी सूत्रधारी अशा चार कंपन्या आल्या, हिशेब वेगळे झाले आणि तोटा नेमका कोठे होतो हे निदान दिसू लागले. परंतु मालक एकच, राज्य सरकार, राहिला; दर राज्याचा वीज नियामक आयोग ठरवत असला तरी कृषिपंपांच्या थकबाकीची वसुली (निवडणूक जवळ आली की विशेषच) राजकीय इच्छेवर अवलंबून राहते. शिवाय मीटर नसलेल्या पंपांचा वापर अश्वशक्तीवरून अंदाजे धरला जात असल्याने त्या आकड्यात वितरणातील गळती (वाटेत वाया जाणारी किंवा चोरीला जाणारी वीज) किती दडली आहे, हे ताळेबंदावरून कळत नाही.