घरघर आली की थेट कंडेन्सर बदलायचा? निपाणीच्या वाचकांना उत्तर

जुन्या टीव्हीच्या घरघरीवरच्या लेखावर तुम्ही लिहिलंय, "आवाज शून्य करा, वायर काढा, कान लावा, एवढं लांबण कशाला? फिल्टर कंडेन्सर वाळलेला असतो, बदलला की काम झालं."

पिक्चर ट्यूबच्या सेटमध्ये कंडेन्सर वाळणं हे नेहमीचं दुखणं, हे खरंच आहे. पण मोठा फिल्टर कंडेन्सर, म्हणजे विजेतली लहर दाबणारा, गेला की नुसता आवाज बिघडत नाही, चित्रही बिघडतं. 50 हर्ट्झची वीज ब्रिजमधून (एसीची डीसी करणाऱ्या चार डायोडमधून) गेल्यावर 100 हर्ट्झची लहर उरते. ती दबली नाही तर पडद्यावर दोन आडवे पट्टे येतात, चित्राच्या कडा नागमोडी होतात. चित्र ठणठणीत असून फक्त घरघर येत असेल, तर हा कंडेन्सर बदलून बहुधा काही होणार नाही.

म्हणून आधी आवाज शून्यावर न्या. घरघर गेली तर ती सिग्नलबरोबर येतेय. सेट टॉप बॉक्सची एव्ही वायर हलवून बघा. पिनेच्या बाहेरच्या कड्याचा सोल्डरचा डाग सुटला की अशीच घरघर येते. वायर थेट अँटेनाच्या सॉकेटला असेल आणि पांढऱ्या अक्षरांची पट्टी आली की आवाज वाढत असेल, तर चॅनेलचं ट्यूनिंग नीट करा.

शून्यावरही राहिली तर कान स्पीकरजवळ न्या, मग स्टॅबिलायझरजवळ. पुष्कळदा स्टॅबिलायझरच्या ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्या सैल झालेल्या असतात आणि बोल टीव्हीला लागतो. सेट चालू करताना एक-दोन सेकंद येणारा 'घूं' डीगॉसिंग कॉइलचा (पिक्चर ट्यूबचं चुंबकत्व घालवणाऱ्या कॉइलचा), तो यायलाच हवा. थांबलाच नाही तर पोझिस्टर, म्हणजे त्या कॉइलचा प्रवाह कमी करणारा भाग, बघा.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची. खानापूरकडच्या वाड्यांवर संध्याकाळी व्होल्टेज पडलं की पट्टे येतात आणि सकाळी नसतात, असं असेल तर कंडेन्सर अर्धा वाळलेला धरा. तेव्हा तो जरूर बदला, पण जपून. प्लग काढल्यावरही त्यात 300 व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो. त्याच्या दोन पायांना 60 वॅटचा बल्ब लावून तो उतरवा आणि मीटरवर 10 व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करा. मीटरची काळी वायर कंडेन्सरच्याच निगेटिव्हला लावा, ट्यूनरच्या (चॅनेल पकडणाऱ्या डबीच्या) पत्र्याला नको. बऱ्याच सेटमध्ये या दोन बाजू वेगळ्या असतात आणि रीडिंग फसवं येतं. ट्यूबवरच्या रबरी टोपीला हात लावू नका.

नव्या कंडेन्सरचे मायक्रोफॅरड (क्षमता) जुन्याएवढेच घ्या, 105 अंश तापमान सोसणारा घ्या. 230 व्होल्टवर कंडेन्सरवर सुमारे 325 येतात, पण लाइन 270 ला चढली तर 380 होतात. म्हणून 400 च्या जागी 450 व्होल्टचा बसत असेल तर तोच बरा.

आणि दोनऐवजी एकच रुंद पट्टा दिसत असेल तर कंडेन्सरच्या आधी ब्रिजचे चारही डायोड तपासा. त्यातला एक तुटला की लहर 100 ऐवजी 50 हर्ट्झची होते.