रंधा कशाला?

जुन्या दारा-खिडक्यांच्या लाकडातून आरशाची फ्रेम कशी करायची, यावर एक लेख वाचला. लाकडाला आधी रंधा मारा, मग फ्रेम करा, असं त्यात म्हटलंय. अहो, मग नवी फळीच आणा की! आमच्या सोलापुरात, पूर्व भागात, मोडीत निघालेल्या हातमागाचं लाकूड कधीमधी हाती लागतं. विणकराचे हात लागून लागून कडा अशा मऊ झालेल्या असतात की पॉलिश पेपर लावायचाही जीव होत नाही. ओल्या फडक्यानं पुसायचं, वाळलं की जवसाचं तेल चोळायचं, बस्स. खिळे मात्र चुंबक फिरवून आधी शोधा, नाहीतर करवतीचे दात गेलेच. जुना ऑइलपेंट असेल तर कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. आणि फ्रेममध्ये आरसा बसवायची खाच दोनेक मिलिमीटर सैल ठेवा. पावसाळ्यात लाकूड फुगतं-हलतं आणि काच कोपऱ्यात तडकते.