अडकलेलं शटर आणि डब्ल्यूडी-४०चा फवारा

"जुन्या कॅमेऱ्याचं शटर अडकलंय? डब्ल्यूडी-४०चा एक फवारा मारा, चार-पाच वेळा क्लिक करा, मेकॅनिकचे पैसे वाचवा." हा मेसेज जो तो पुढे ढकलतोय. (डब्ल्यूडी-४० म्हणजे गंजलेले स्क्रू सोडवायला वापरतात तो तेलकट स्प्रे; शटर म्हणजे फोटो काढताना क्षणभर उघडून प्रकाश आत सोडणारी झडप.) आता त्यातले दावे बघू.

‘तेल सुकलं की शटर अडकतं.’ यशिका मॅटसारख्या जुन्या फिल्म कॅमेऱ्यात शटर लेन्सच्या आत असतं. एकमेकींवर सरकणाऱ्या अतिशय पातळ पोलादी पात्या, आणि त्या कोरड्याच चालायला हव्यात. आजूबाजूच्या यंत्रणेतलं तेल-ग्रीस वर्षानुवर्षं पाझरत पात्यांवर येतं आणि त्या चिकटतात. तेल आधीच जास्त झालंय, त्यात हे आणखी ओतायला सांगतायत!

‘माझं तर लगेच चालू झालं.’ होणारच. फवाऱ्यातला द्रावक जुना चिकटा पातळ करतो, पात्या सुटतात. मग द्रावक उडून जातो, खनिज तेल मागे उरतं, त्यावर धूळ बसते आणि शटर पुन्हा रुसतं. १९५३ साली हे रसायन पाणी हटवून गंज रोखायला बनवलं होतं. ते काम ते उत्तम करतं. मेसेज लिहिणाऱ्यानं बहुधा पहिल्याच संध्याकाळी लिहून टाकला.

‘नुकसान काहीच नाही.’ फवारा पात्यांपुरता थांबत नाही. लेन्सच्या काचांवर आतून तेलकट थर बसतो, तो पुसायला अख्खी लेन्स खोलावी लागते. कापडी पडद्याचं शटर असेल तर त्यावरचं रबर तेलानं बिघडतं, ते वेगळंच.

‘कॅनन एई-१ला तर तेलच लागतं.’ हे अर्धं खरं. १९७६च्या या कॅमेऱ्याचं शटर दाबताना खोकल्यासारखा आवाज आला, तर आतल्या आरशाच्या गिअरला घड्याळाचं तेल लागतं, पण सुईच्या टोकाएवढं आणि नेमक्या जागी. बटण अजिबात दाबलंच जात नसेल, तर आधी ६ व्होल्टचा सेल बदला. त्याच्याशिवाय हा कॅमेरा क्लिकच होत नाही.

पात्या चिकटल्या असतील तर पुढची काच फिरवून काढा. इअरबड लायटरच्या पेट्रोलमध्ये जेमतेम ओला करा, पात्या हलक्या हातानं पुसा, शटर मारा, वाळू द्या, पुन्हा पुसा. पात्यांवर तेलाचा माग दिसेनासा होईपर्यंत हेच. खिडक्या उघड्या, गॅस बंद. फक्त १ सेकंदासारखे शटरचे संथ वेगच अडकत असतील, तर दोष आतल्या गिअरमध्ये आहे. तिथे मात्र मेकॅनिकच गाठा.