सहा हजार वर्षं ही विश्वासाची अट नाही

आपल्या चर्च-मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या एक व्हिडिओ फिरतोय. पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे, आणि जो हे मानत नाही तो पवित्र शास्त्रच (बायबल) मानत नाही, असं त्यात ठासून सांगितलंय. पहिल्या विधानावर वाद होऊ शकतो, व्हावा. दुसऱ्या विधानावर मात्र मी गप्प बसणार नाही. ग्रुपवर बारावी सायन्सची, बीएस्सीची मुलं आहेत आणि त्यांना आपण सांगतोय की वर्गात शिकता ते खरं वाटत असेल तर प्रभूला सोडा. कुठल्याही प्रेषिताने असं सांगितलेलं नाही.

नागपूरचं हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहीत आहे. ज्यांचं नाव त्याला दिलंय ते रेव्ह. स्टीफन हिस्लॉप म्हणजे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी. १८४५ मध्ये ते नागपूरला आले. त्यांनी शाळा काढली, सुवार्ता सांगितली, गोंडांची गाणी आणि परंपरा टिपून ठेवल्या. आणि सहकारी मिशनरी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत विदर्भातले दगड तपासत ते हिंडले. नागपूरजवळ टाकळीला काळ्या दगडाच्या थरांमध्ये अडकलेल्या गाळात त्यांना गोड्या पाण्यातले शंख, फळं, बिया, लाकूड, अगदी भुंग्यांचे कठीण पंखसुद्धा दगड झालेले सापडले. यावरचे त्यांचे लेख लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात त्यांचा अंत झाला.

त्या गाळाचा अर्थ नीट पाहा. खाली लाव्हा, तो थंड झालेला. त्यावर तळं साचलं, त्यात शंखांच्या पिढ्या जगल्या, काठावर झाडं वाढली. मग पुन्हा लाव्हा आला आणि सगळं झाकून गेला. सह्याद्रीत तर असे लाव्ह्याचे थर एकावर एक रचलेले आहेत. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे काळ्या खडकांच्या मधोमध तांबडा पट्टा दिसतो. असे बरेच पट्टे म्हणजे उघड्यावर झिजून माती झालेला जुना पृष्ठभाग, ज्यावर नंतर नवा लाव्हा वाहिला. हे सगळं नोहाच्या एका वर्षाच्या महाप्रलयात झालं असं मानायचं तर पाण्याखाली तळं साचलं कसं आणि उन्हापावसात दगडाची माती झाली कधी? या खडकांचं वय आज सुमारे साडेसहा कोटी वर्षं धरतात. पृथ्वीचं वय क्लेअर पॅटरसन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५६ मध्ये उल्केतल्या शिशावरून काढलं. ते सुमारे ४५५ कोटी वर्षं आलं.

आता कुणी म्हणेल, हिस्लॉपसाहेब पवित्र शास्त्रापासून ढळले असतील. मग त्यांच्या चर्चच्या महासभेचे पहिले मॉडरेटर (अध्यक्ष) थॉमस चाल्मर्स यांचं काय? १८१४ मध्येच त्यांनी लिहिलं होतं की उत्पत्तीच्या, म्हणजे देवाने सहा दिवसांत सृष्टी केल्याचं सांगणाऱ्या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या, पहिल्या आणि दुसऱ्या वचनाच्या मध्ये कितीही काळ गेलेला असू शकतो. ह्यू मिलर हा दगडफोड्या, पुढे त्याच चर्चच्या बाजूच्या वृत्तपत्राचा संपादक. तो सहा दिवसांना सहा दीर्घ युगं म्हणायचा. बायबल देवाचं वचन आहे याबद्दल या दोघांच्या मनात तसूभर शंका नव्हती.

त्याही मागे जा. सूर्य चौथ्या दिवशी झाला, मग पहिले तीन दिवस कसले, हा प्रश्न ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने तिसऱ्या शतकातच विचारला होता. प्राचीन चर्चचा मोठा शिक्षक ऑगस्टीन याच्या मते देवाने सगळं एकाच क्षणी निर्माण केलं. ऑगस्टीन पृथ्वी कोट्यवधी वर्षांची मानत होता असा दावा मी करणार नाही. त्याचाही हिशेब काही हजार वर्षांचाच होता. पण दिवसांचा अर्थ त्याने मोकळा ठेवला. शिवाय त्याने बजावलं की ख्रिस्ती माणूस आकाश-पृथ्वीबद्दल अज्ञानाने बोलला तर ऐकणारे त्याच्यासोबत पवित्र शास्त्रालाही हसतात.

मग इतका कडक आग्रह आला कुठून? इ.स.पू. ४००४ हे साल आयर्लंडच्या आर्चबिशप अशरने १६५० मध्ये मांडलं. ते इंग्रजी बायबलच्या समासात छापलं गेलं, आणि समासातला आकडा वचनाइतकाच पवित्र होऊन बसला. तरी १९२५ मध्ये अमेरिकेत टेनेसीतल्या डेटनला शाळेत उत्क्रांती शिकवल्यावरून झालेल्या खटल्यात उत्क्रांतीच्या विरोधात उभ्या राहिलेल्या विल्यम जेनिंग्ज ब्रायनने साक्ष देताना सांगितलं की ते दिवस चोवीस तासांचेच असण्याची गरज नाही. सहा हजार वर्षं आणि सगळे थर महाप्रलयाचे, या मांडणीने अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल मंडळ्यांत जोर धरला तो व्हिटकम आणि मॉरिस या अमेरिकी लेखकांच्या १९६१ च्या पुस्तकानंतर. आपल्या ग्रुपवरचा व्हिडिओ त्याच परंपरेतला आहे.

पलीकडच्या बाजूची दोन कारणं मला खरोखर वजनदार वाटतात. पहिलं निर्गम २०:११, सहा दिवसांत परमेश्वराने सर्व केलं म्हणून शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा सातवा दिवस, पाळा. पण सातव्या दिवशी संध्याकाळ-सकाळ झाल्याचं उत्पत्तीत लिहिलेलं नाही, आणि इब्री लोकांस पत्राच्या चौथ्या अध्यायात देवाच्या विसाव्यात प्रवेश अजून खुला आहे. देवाचा आठवडा आपल्या आठवड्याचा नमुना आहे. तो आपल्या घड्याळाने मोजायचा असं कुठे म्हटलंय?

दुसरं कारण जास्त खोल आहे. आदामाच्या पापाने मरण आलं, तर त्याआधी प्राणी कसे मेले? रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात मरण माणसांमध्ये पसरल्याची गोष्ट आहे, हे माझं उत्तर. आठव्या अध्यायातली कण्हणारी सृष्टी वाचताना ते उत्तर मला अपुरं पडतं, आणि यावर पाळकसाहेबांकडून शिकायची माझी मनापासून तयारी आहे. पण शंखांच्या त्या पिढ्या टाकळीच्या गाळात मेल्या, हे मी नाकारू शकत नाही. दगडही देवाच्याच हातचे आहेत.

माझी मागणी साधी आहे. तरुण संघात उत्पत्तीचे पहिले अकरा अध्याय घ्या, दोन्ही मतांच्या लोकांना बोलू द्या, सहा हजार वर्षं मानणाऱ्या भावाबहिणींचा मान राखून. पण दृढीकरणाच्या (विश्वास जाहीरपणे पक्का करण्याच्या विधीच्या) वर्गात मुलांना पृथ्वीचं वय विचारू नका. प्रेषितांच्या विश्वासांगीकारात आपण आकाश व पृथ्वीच्या उत्पन्नकर्त्यावर विश्वास ठेवतो असं म्हणतो, आणि त्यात तारीख नाही.