मैदानावरच्या मास्तरने दुकान का चालवू नये?

आमच्या सातारा जिल्ह्यात खाशाबा जाधवांची गोष्ट ठाऊक नाही असा माणूस सापडणे कठीण. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जाण्यासाठी पैसे कमी पडत होते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले आणि गोळेश्वरच्या या पैलवानाने स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून दिले. खर्डेकरांपुढे मी नतमस्तक आहे. मात्र त्यांचा तो त्याग आपण सर्व प्रशिक्षकांसाठी मोजपट्टी करून टाकला आणि शुल्क घेणाऱ्या मास्तरला ‘धंदेवाईक’ म्हणू लागलो, हे मला मान्य नाही.

मी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शारीरिक शिक्षण शिकवतो, पहाटे धावण्याचे प्रशिक्षण देतो, पस्तिशीपुढच्या वयोगटात स्वतः स्पर्धांत उतरतो आणि संध्याकाळी क्रीडासाहित्याचे दुकान उघडतो. तासिका तत्त्वावर जेवढे तास, तेवढेच मानधन; उन्हाळ्याच्या सुट्टीत तास नाहीत, म्हणून मानधनही नाही. एवढ्यावर घर चालत नाही, मग विनाशुल्क प्रशिक्षण कोणाच्या बळावर द्यायचे?

त्याचे उत्तर मला आमच्याच घाटात मिळाले. २०१२ पासून साताऱ्यात हिल मॅरेथॉन होऊ लागली आणि डॉक्टर, बँक कर्मचारी, गृहिणी अशी कधी मैदानाकडे न फिरकलेली माणसे पहाटे यवतेश्वरच्या चढाला लागली. चढावर वेग किती राखावा आणि उतारावर पावले आखूड का टाकावीत, हे त्यांना नीट शिकायचे असते व त्याचे शुल्क ती आनंदाने देतात. त्याच शुल्कातून माण-खटावकडून शिकायला आलेल्या मुलींचे बूट येतात. माणमधल्याच मोही गावची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओला ३,००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत धावण्याच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली, हे त्या मुलींना पाठ आहे. त्यांच्या जिद्दीत काही कमी नाही, कमी पडतात ते पैसे.

दुकानही मैदानाचेच काम करते. कृत्रिम ट्रॅकवर धावण्याच्या शर्यतीत बुटांच्या तळाला ९ मिलिमीटरपेक्षा लांब खिळे चालत नाहीत, तर मातीवर लांब खिळ्यांनीच पकड मिळते. हे न सांगता कोणी स्पाइक्स, म्हणजे असे खिळ्यांचे बूट, विकले, तर त्या घरची महिनोन्‌महिने साठवलेली रक्कम वाया जाते. मी स्वतः धावतो म्हणून गिऱ्हाईकाला महाग बूट नको म्हणून सांगू शकतो, आणि बरेचदा तसे सांगतोही.

प्रशिक्षकच विक्रेता असला की पालकांवर दडपण येते, हा आक्षेप मात्र रास्त आहे. म्हणूनच साहित्य आपल्याच दुकानातून घेण्याची सक्ती कोणत्याही प्रशिक्षकाने करू नये आणि शुल्काची पावती प्रत्येकाला द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. शिक्षणसंस्थांनीही सुट्टीत मैदानांना कुलूप न लावता ती पहाटे अशा वर्गांना वाजवी भाड्याने द्यावीत. त्या भाड्यातून निदान धावपट्टीची आखणी आणि पाण्याची सोय तरी होईल.

ज्या पालकांना शुल्क परवडत नाही, त्यांनी संकोच न करता मला प्रत्यक्ष येऊन भेटावे. मुलांना घरी बसवू नये.