‘तीन दिवस सहन करा, विष निघून जाईल’ : एका औषधविक्रेत्याचे उत्तर

सोलापुरातल्या घरगुती, भिशीच्या आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा : नैराश्यावरच्या गोळ्या म्हणजे व्यसन आहे, त्या मनाचा हिय्या करून एकदम बंद कराव्यात, मग तीन दिवस जो त्रास होतो तो शरीरातले विष बाहेर पडत असल्याचा असतो, तेव्हा लिंबूपाणी आणि काढा घेऊन तो सोसावा, ज्यांना एवढे धैर्य नाही त्यांनी एक दिवसाआड गोळी घ्यावी, आणि डॉक्टर किंवा मेडिकलवाले हे कधीच सांगणार नाहीत, कारण त्यांचा धंदा बुडेल. मी बावीस वर्षे औषधांचे दुकान चालवतो. रोगाचे निदान करणे हे माझे काम नव्हे. पण कोणाची कोणती स्ट्रिप कधी थांबली आणि पुढच्या आठवड्यात तोच माणूस काय मागायला आला, हे काउंटरच्या या बाजूने नीट दिसते.

आधी विषाचे पाहू, कारण संदेशाचा सगळा डोलारा त्या एका शब्दावर उभा आहे. अक्कलकोट रस्त्यावरच्या एका यंत्रमाग कारखान्यात काम करणारे गृहस्थ दीड वर्ष पॅरोक्सेटिन ही नैराश्यावरची गोळी घेत होते. हा संदेश वाचून त्यांनी रविवारी गोळी थांबवली आणि बुधवारी ते माझ्याकडे चक्करेची गोळी मागायला आले. मी विचारले तेव्हा म्हणाले, “अण्णा, डोळे नुसते बाजूला फिरवले तरी डोक्यातनं धोटा सटकन गेल्यासारखं होतंय की ओ.” धोटा म्हणजे मागावर सूत घेऊन या टोकापासून त्या टोकाला झटक्यात सटकणारी कांडी. मागावर आयुष्य काढलेल्या माणसाने केलेले हे वर्णन मला कोणत्याही पुस्तकातल्या वर्णनापेक्षा नेमके वाटते. डोक्यात करंट बसल्यासारखे झटके, गरगरणे, मळमळ, घाम, भडक स्वप्ने, उडालेली झोप, चिडचिड आणि कारण नसताना येणारे रडू ही या त्रासाची ओळखीची लक्षणे आहेत. मी त्यांना चक्करेची गोळी न देता त्यांच्याच डॉक्टरांकडे पाठवले. डॉक्टरांनी तीच गोळी पुन्हा सुरू केली आणि दोन दिवसांत धोटा थांबला. जे विष म्हणून बाहेर पडत होते, तेच पुन्हा पोटात गेल्यावर माणूस बरा होतो, हे कसे? त्रास औषध शरीरात असल्याचा नसतो, ते फार झपाट्याने कमी झाल्याचा असतो. मेंदूने त्या औषधाला धरून आपली घडी बसवलेली असते आणि ती नव्याने बसवायला त्याला वेळ हवा असतो.

याचा आणखी एक पडताळा आहे. पॅरोक्सेटिनचे रक्तातले प्रमाण साधारण एका दिवसात निम्म्यावर येते, व्हेनलाफॅक्सिन या अशाच दुसऱ्या गोळीचे तर सुमारे पाच तासांत. याउलट फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरचीच गोळी आणि त्यापासून शरीरात तयार होणारा घटक कित्येक दिवस, कधी कधी आठवडे रेंगाळतो. ‘विष’ रेंगाळल्याने त्रास होत असता तर फ्लुओक्सेटिनचा सर्वांत जास्त व्हायला हवा होता. प्रत्यक्षात पहिल्या दोन औषधांचा त्रास जास्त आणि फ्लुओक्सेटिनचा सहसा कमी असतो. लिंबूपाणी उन्हाळ्यात जरूर प्यावे; पण त्याचा या घडामोडीशी संबंध नाही.

व्यसनाच्या मुद्द्यावर फार रेंगाळण्याची गरज नाही. व्यसनात ओढ असते, मात्रा वाढवत नेण्याची धडपड असते, त्या पदार्थापायी घरदार मागे पडते. या गोळ्या घेणाऱ्या माणसांची तऱ्हा नेमकी उलटी : ती गोळी घ्यायला विसरतात. शरीराला एखाद्या औषधाची सवय होणे आणि माणसाला त्याचे व्यसन लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड किंवा रक्तदाबाची मेटोप्रोलोलसारखी गोळीही एकदम थांबवायची नसते, म्हणून आपण आजोबांना व्यसनी म्हणत नाही.

‘तीन दिवस’ हा आकडा कुठून आला, कोण जाणे. बहुतेक औषधांच्या बाबतीत त्रास पहिल्या काही दिवसांत सुरू होतो, फ्लुओक्सेटिनच्या बाबतीत उशिरा. अनेकांचा एक-दोन आठवड्यांत ओसरतो, तर काहींचा कित्येक आठवडे आणि थोड्यांचा महिनोन्महिने चालतो. इथे संदेश लिहिणाऱ्याच्या पदरात एक गोष्ट टाकली पाहिजे : ‘डॉक्टर सांगत नाहीत’ ही तक्रार अगदीच निराधार नाही. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत हा त्रास सहसा सौम्य आणि आठवडाभरात आपोआप जाणारा असल्याचे म्हटले होते. तो काहींना तीव्र आणि लांबणारा असू शकतो, अशी दुरुस्ती २०१९ मध्ये झाली. दुसरीकडे, सगळ्यांनाच भयंकर त्रास होतो हेही खरे नाही. ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’ या नियतकालिकात २०२४ मध्ये आलेल्या, अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात गोळी थांबवणाऱ्यांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांना लक्षणे जाणवली. पण तुलनेसाठी दिलेली, औषध नसलेली नकली गोळी थांबवणाऱ्यांपैकीही सुमारे १७ टक्क्यांना ती जाणवली. म्हणजे औषधामुळेच झालेला त्रास साधारण सहा-सात जणांमागे एकाला, आणि तीव्र त्रास सुमारे ३५ जणांमागे एकाला. आपण त्या ३५ मधले एक आहोत की नाही, हे आधी कळत नाही. म्हणून तर घाई नको.

आता ‘एकदम’ आणि ‘एक दिवसाआड’. दुसरा सल्ला समंजस वाटतो, म्हणून मला तो जास्त घातक वाटतो. लवकर उतरणारे औषध एक दिवसाआड घेतले की त्याचे प्रमाण रोज वर-खाली होते आणि माणूस दर दुसऱ्या दिवशी थोडाथोडा तोच त्रास भोगतो. मात्रा कमी करायची ती रोजच्या गोळीतली, आणि तीही सारख्या तुकड्यांनी नव्हे. सिटालोप्रॅम या नैराश्यावरच्या गोळीचे उदाहरण घ्या. रोज ४० मिलिग्रॅम घेतल्यास मेंदूतले सेरोटोनिन हे रसायन वाहून नेणारे रेणू साधारण ८६ टक्के अडवले जातात, २० मिलिग्रॅमला ८० टक्के, आणि सुमारे ५ मिलिग्रॅमलाही जवळजवळ ६० टक्के. म्हणजे ४० वरून २० वर येणे ही छोटी पायरी आहे आणि ५ वरून शून्यावर येणे हा कडा आहे. ‘आता उरलीय काय, चिमूटभर गोळी’ म्हणून लोक नेमके तिथेच उडी मारतात. त्या यंत्रमागवाल्या गृहस्थांना पुढे डॉक्टरांनी आठ महिन्यांत खाली आणले आणि त्यातले निम्मे महिने शेवटच्या लहान मात्रांनाच लागले.

गोळी कापण्याविषयी मात्र माझ्या काउंटरवर विचारावे. मधोमध रेघ असलेली साधी गोळी कटरने नीट दुभंगते. घरातल्या विळीवर किंवा ब्लेडने तिचा भुगा होतो. हळूहळू विरघळणाऱ्या, म्हणजे नावापुढे एक्सआर, ईआर किंवा सीआर असलेल्या गोळ्या डॉक्टरांना किंवा आम्हाला विचारल्याशिवाय तोडू नयेत. तोडल्यास दिवसभराची मात्रा एकदम सुटण्याची भीती असते.

संदेशात ज्याचा उल्लेखही नाही असा एक धोका आपल्याकडे सर्रास आहे. एसिटालोप्रॅम हे नैराश्यावरचे औषध आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत असलेली स्ट्रिप मी रोज विकतो. घेणाऱ्याला वाटते, आपली एकच गोळी आहे. पण क्लोनाझेपाम वेगळ्या जातीचे औषध आहे. ते बराच काळ घेऊन एकदम थांबवले तर फिट येऊ शकते. स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरे वाचावीत, चष्मा लागत असेल तर नातवाकडून वाचून घ्यावीत.

त्रास परत आला तर तो गोळी सुटल्याचा की मूळ आजाराचा, हे ओळखण्याच्या खुणा आहेत. गोळी कमी केल्यावर काही दिवसांतच आलेला, झटके आणि गरगरणे यांसारखा पूर्वी कधी नसलेला त्रास बहुधा सुटण्याचा. आठवडे-महिने गेल्यावर हळूहळू दाटत आलेली उदासी बहुधा आजाराची. तारखा आणि लक्षणे वहीत लिहून ठेवली तर डॉक्टरांचे काम सोपे होते. शक्य असेल तर ही उतरण एप्रिल-मे टाळून सुरू करावी, असे मी सुचवतो. सोलापूरच्या त्या उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये धडधाकट माणसालाही चक्कर येते, मग कोणती चक्कर कशाची हे कळत नाही. जीव नकोसा वाटू लागला तर मात्र वही वगैरे बाजूला ठेवून त्याच दिवशी सिव्हिल गाठावे किंवा १४४१६ या टेलि-मानस, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदत क्रमांकावर बोलावे. तिथे मराठीत बोलता येते.

राहता राहिला माझा धंदा. एकदम गोळी सोडलेले गिऱ्हाईक आठवडाभरात चक्करेची गोळी, उलटीची गोळी, डोकेदुखीची गोळी आणि ग्लुकोजचे पाकीट घेऊन जाते, आणि त्यानंतर बहुतेक वेळा सोडलेल्या गोळीचीच स्ट्रिप पुन्हा सुरू होते. हळूहळू उतरणारा माणूस दर महिन्याला थोडे कमी घेतो आणि एक दिवस यायचा थांबतो. संदेश लिहिणाऱ्याने हिशेब मांडून पाहावा.