तीनशे बारा

जिलेबी मी खाल्लेली नाही. हे सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण घरात चार दिवस हेच सांगतोय आणि ऐकणारं कोणी नाही.

मेहुणी आणि साडूभाऊ पुण्याहून आले होते. इंदुरात रविवारी सकाळी पोहे-जिलेबी पुढे ठेवली नाही तर पाहुणे येऊन गेले असं धरतच नाहीत. आणायला कोण जाणार? ज्याला ती खाता येत नाही तो. माझ्या निदानाला त्या दिवशी बावीस दिवस झाले होते. उपाशीपोटी साखर १६२ आणि एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी, ८.१. ‘साडेसहापासून मधुमेह धरतात,’ डॉक्टर म्हणाले होते, ‘तुम्ही बरेच पुढे आहात.’ हे वाक्य मला शाळेत एकाही मास्तरांनी ऐकवलं नव्हतं.

तर रामबागेच्या बाजूला एका गाडीपाशी मी उभा. डाव्या हातात अर्धा किलो जिलेबीचा पुडा. जिलेबी कढईतून पाकात आणि पाकातून थेट रद्दीत आलेली, त्यामुळे कागद ओला होऊन पाक माझ्या बोटांपर्यंत पोचला होता. उजव्या हातात रिकामी पिशवी. पोहेवाला वाफेवरच्या पातेल्यातून पोहे उपसून त्यावर शेव, कांदा आणि जिरावन मसाला भुरभुरत होता. मी बडीशेपेचा वास घेत होतो. वासावर अजून कोणी बंदी घातलेली नाही.

“अरे! तुम्ही इथे काय करून राहिले?”

आमच्या गल्लीतले काका. माकडटोपी, त्यावर मफलर, त्यावर स्कूटरचं हेल्मेट. बँकेत कॅशियर होते. साखरेत मला सतरा वर्षांनी सीनियर. पस्तीस वर्षं काचेच्या आडून बोलल्यामुळे त्यांचा आवाज समोरचा माणूस काचेपलीकडे आहे असं समजूनच निघतो.

“तुमाला तर शुगर निघाली आहे न?”

गाडीभोवतीच्या दहा-बारा जणांनी प्लेटमधून माना वर केल्या.

“पाहुण्यांसाठी नेतोय,” मी म्हणालो.

“सगळे हेच म्हणतात.” काकांनी पुड्याकडे पाहिलं, मग माझ्या ओठांकडे. पाक सापडला नाही तेव्हा थोडे हिरमुसले. “आज चेक केली?”

“केली. उपाशीपोटी १३४.”

“घरच्या मशीनचा काय भरोसा! थांबा.”

त्यांच्या घरचं मशीन मात्र भरवशाचं होतं. ते स्कूटरच्या डिकीतून आलं. रेक्झिनची चेनवाली थैली, त्यात मशीन, स्ट्रिपांची डबी, टोचायचं पेन आणि एक छोटी वही. हे सगळं त्यांनी पोह्याच्या गाडीच्या फळीवर चिरलेल्या कांद्याशेजारी मांडलं. मी तीन वेळा ‘राहू द्या’ म्हणालो. इंदुरात ‘राहू द्या’ याचा अर्थ ‘आग्रह करा’ असा घेतात, हे चोपन्न वर्षं इथे राहूनही विसरलो.

“सुई नवी आहे ना?”

“परवाचीच आहे.”

“काका!”

“अहो, मी एक सुई आठवडाभर चालवतो. काही होत नाही.”

“तुम्हाला होत नाही, कारण ती तुमची आहे! दुसऱ्याच्या सुईनं टोचून घेतलं तर हिपॅटायटिस बी घेऊन घरी जाईन मी.”

इथे माझा आवाज चढला, आणि तीच चूक झाली. तोवर निम्मे लोक आपापल्या पोह्यांत होते. आता सगळेच आमच्यात आले. पोहेवाला म्हणाला, “काका, नई सुई लगाओ यार, भिया को टेंशन होरिया हे.” काकांनी सुई बदलली. नोटांचं नवं बंडल फोडताना कॅशियर ज्या चेहऱ्यानं फोडतो, त्याच चेहऱ्यानं.

“डावा हात.”

मी पुडा उजव्या हातात घेतला आणि डावा हात पुढे केला. का केला? चार दिवस मी स्वतःला हेच विचारतोय. आमच्या पिढीला लहानपणापासून सवय आहे, मोठ्या माणसानं ‘हात पुढे’ म्हटलं की हात आपोआप जातो.

काकांनी अनामिका धरली. “कडेला टोचायचं. मधे दुखतं. सतरा वर्षं झाली, सांगून राहिलो.” हे मात्र खरं आहे. मग त्यांनी माझ्या बोटावर फुंकर मारली. जंतू उडून जावेत म्हणून. खट्! थेंब आला. काकांनी तो स्ट्रिपला लावला आणि मशीन सगळ्यांना दिसेल असं उंच धरलं. त्यावर आकडे उलटे पडत होते. कॉलेजची दोन मुलं मोठ्यांदा मोजायला लागली, मग बाकीचेही. “पाँच… चार… तीन…” एकतीस डिसेंबरच्या रात्री मोजतात तसं.

३१२.

चौकात शांतता पसरली. पोहेवाल्यानं झारा खाली ठेवला, माझ्या हातातून जिलेबीचा पुडा अलगद काढून घेतला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि वर गाठ मारली. मग माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दुसरी गाठ मारली.

“अंकल, टेंशन मत लो,” कॉलेजचा एक मुलगा म्हणाला. “मेरे फूफाजी की साढ़े चार सौ आई थी. वो तो बारात में नाचते भी हैं.”

यानंतर सल्ले सुरू झाले. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, रात्री भिजवलेली मेथी. दुधाची किटली घेतलेला एक माणूस म्हणाला, गवतावर अनवाणी चाला. (डॉक्टरांनी मला सांगितलेली पहिली गोष्ट म्हणजे अनवाणी चालू नका, पायाला लागलं तर कळायचं नाही आणि बरं व्हायला वेळ लागेल.) आणि हे सगळं चाललेलं असताना काका काय करत होते? काका जिलेबी खात होते. गरम. दोन बोटांत धरून, पाक निथळू देत.

“काका, तुम्ही?”

“मी गोळी जास्त घेऊन आलो आहे,” ते म्हणाले.

मला एक कळत नाही. माझा रक्तदाब गेली सहा वर्षं जास्त आहे, पण भर चौकात माझ्या दंडाला पट्टा गुंडाळायला आजवर कोणी आलेलं नाही. साखर निघाली आणि गल्ली माझी पालक झाली. लग्नाच्या पंगतीत वाढपी माझ्या पानावरून जिलेबीचं ताट उचलून पुढे नेतो, आणि तोच वाढपी भाताचा डोंगर घालून जातो. भात गोड लागत नाही ना, मग चालतो!

त्यात हे गाव. रात्री सराफ्यात सोन्याची दुकानं बंद होतात आणि त्यांच्याच ओट्यांवर खाण्याची मांडली जातात. कणसाचा कीस, मालपुवा, खोपरापाक, पसाभर आकाराचा जलेबा. थंडीत गराडू. तो तळलेला कंद आहे, म्हणजे स्टार्च, पण जिरावन टाकला की बुद्धी तेवढं मोजत नाही. डॉक्टरांनी आहाराचा छापील कागद दिला, त्यात ओट्स, ब्राउन ब्रेड आणि ग्रिल्ड फिश. माझ्या सात पिढ्यांत ग्रिल कोणी पाहिलेलं नाही, ना माशाचं, ना कशाचं. पोह्यांचा त्यात उल्लेखच नव्हता. विचारलं तर म्हणाले, ‘पोहे म्हणजे चपटा केलेला भातच.’ एवढं कठोर वाक्य माझ्याशी आजवर कोणी बोललेलं नव्हतं.

शेवटी मीच प्रयोग केला. एका सोमवारी नेहमीची प्लेटभर पोहे, पहिल्या घासापासून मोजून दोन तासांनी २१४. पुढच्या सोमवारी आधी काकडी, मग निम्मे पोहे आणि त्यावर मोड आलेल्या मटकीची उसळ, दोन तासांनी १६३. शेव दोन्ही वेळा होती. म्हणजे शेव निर्दोष सुटली! बेसनाची ना ती. तेलाचा आणि मिठाचा खटला तिच्यावर वेगळा चालू आहे, पण त्यात मी साक्ष देणार नाही.

या प्रयोगांना पैसे पडतात. एक स्ट्रिप वीस-पंचवीस रुपयांच्या घरात. बोटात रक्त कमी आलं की मशीन ‘एरर’ दाखवतं आणि पंचवीस रुपये गेले. डबीचं झाकण उघडं राहिलं आणि दमट हवा लागली की डबीच गेली. शिवाय वापरलेल्या सुया टाकायच्या कुठे? २०१७ साली आमचा स्वच्छतेत देशात पहिला नंबर आला, तेव्हापासून इथे कचऱ्याच्या गाडीशी खोटं बोलता येत नाही. ओला वेगळा, सुका वेगळा, घातक वेगळा. मी सुया जुन्या बाटलीत साठवून, झाकण घट्ट लावून देतो. गाडीवाल्यानं बाटली हलवून पाहिली आणि विचारलं, “किसको निकली भिया, आपको के भाभीजी को?”

कॅलेंडरही वैरी. निदानानंतर अकराव्या दिवशी संक्रांत. आणि जागतिक मधुमेह दिन कधी, तर १४ नोव्हेंबरला, इन्सुलिनच्या शोधातल्या फ्रेडरिक बँटिंगचा वाढदिवस म्हणून. आपल्याकडे त्याच दिवशी बालदिन. शाळाशाळांतून गोळ्या वाटतात.

शाळेवरून आठवलं. बाबांना १९८२ साली मधुमेह निघाला. तेव्हा घरी मशीन वगैरे नव्हतं, बेनेडिक्टचं द्रावण होतं. निळंशार. परीक्षानळीत ते पाच मिलि घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. मग हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि फारच असेल तर विटकरी. आई हा प्रकार स्वयंपाकघराच्या आसपास येऊ देत नसे, म्हणून बाबा वाड्याच्या मागच्या पडवीत उकिडवे बसून नळी चिमट्यात धरत. मी शेजारी. रंग ओळखायचं काम माझं. एकदा, दिवाळीनंतर असेल, ते विटकरी झालं. मी तिथून उठलो आणि पडवी, चौक, पुढचा ओटा असा धावत गेलो. “बाबा विटकरी! बाबा विटकरी!” भाडेकऱ्यांच्या बायका बाहेर आल्या. सगळे हसले. मीही. बाबा त्या दिवशी पानावर खाली मान घालून बसले आणि आईनं वाढलेला भात त्यांनी बोटानं बाजूला सारला.

असो.

पोहे आणि दोन गाठींचा पुडा घेऊन मी घरी आलो. जिना चढताना मला लॅबमधल्या मुलीचे शब्द आठवले. पहिल्याच दिवशी तिनं बजावलं होतं, आधी हात साबणानं धुवायचे, कोरडे करायचे. धुता येत नसतील तर पहिला थेंब पुसून टाकायचा आणि दुसरा घ्यायचा. फळ चिरलेल्या हातानंही आकडा वर जातो. आणि माझं बोट तर दहा मिनिटं पाकात होतं! थेंब तो केवढा, मोहरीएवढा. मशीननं माझी नाही, हलवायाची साखर मोजली होती.

दार उघडायच्या आधीच बायकोचा आवाज आला. “तीनशे बारा?”

काकूंचा फोन येऊन गेला होता. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, त्यामुळे जानेवारीत गल्लीतल्या सगळ्या बायका एकमेकींच्या सतत संपर्कात असतात.

मी काही न बोलता मोरीवर गेलो, साबणानं दोन वेळा हात धुतले, पुसले, आणि मेहुणी-साडूंसमोर टोचून घेतलं. सात वाजता मुगाचं धिरडं खाल्लं होतं, त्याला दोन तास होऊन गेले होते. १५१.

“बघ,” मी म्हणालो.

“मग ते तीनशे बारा कोणाचं होतं?”

“जिलेबीचं.”

“म्हणजे खाल्लीच ना?”

“खाल्ली नाही. धरली होती.”

“धरली होती,” ती मेहुणीकडे बघून म्हणाली. साडूभाऊ दुसरी गाठ दातांनी सोडवत होते, त्यांनी वर पाहिलं नाही.

काल संध्याकाळी काका घरी आले. मला वाटलं, माफी मागायला आले असतील. मी त्यांना पाकाचं सगळं समजावून सांगितलं, लॅबमधल्या मुलीनं सांगितलेला पहिला थेंब-दुसरा थेंबसुद्धा. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग खिशातून ती छोटी वही काढली, बोट ओलं करून पान उलटलं.

“रविवार. एक स्ट्रिप, एक सुई,” ते म्हणाले. “तुमच्याकडे निघते.”

मी माझी डबी आणली. माझी स्ट्रिप त्यांच्या मशीनला चालत नाही, कंपनी वेगळी. मग मी तीस रुपये दिले. काकांनी नोटा उजेडात धरून पाहिल्या, वहीत लिहिलं आणि खिसे चाचपले.

“दोन रुपये सुट्टे नाहीत,” ते म्हणाले. “राहू द्या, रविवारी गाडीवर भेटालच.”